जुन्या कापडाचा गोफ आणि घरचा कुत्रा



घरांतील जुन्या कापडापासून कुत्र्यासाठीं रस्सीखेचीचें खेळणें कसें करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय ऐकून कित्येकांस हसूं येईल. कुत्र्यास खेळणें कशास हवें, भाकरीचा तुकडा मिळाला कीं त्याचें काम झालें, असें आपल्याकडे सर्रास समजलें जातें. परंतु ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूशीं दोन गंभीर गोष्टी निगडित आहेत. एक म्हणजे घरांतील लहान मुलांच्या हातापायांची सुरक्षितता, आणि दुसरी म्हणजे त्या मुक्या जनावराचें घरांतील स्थान.

जळगांव घ्या, धुळें घ्या, किंवा तापीकांठचें एखादें खेडें घ्या, सर्वत्र एकच प्रकार दिसतो. मुलें गल्लींतलें एखादें गोंडस पिलूं उचलून घरीं आणतात. महिना-दीड महिना त्याचें कौतुक होतें. पुढें त्याचे दांत शिवशिवूं लागतात. तें मुलांचीं बोटें धरतें, पदर ओढतें, चपला कुरतडतें. मग एके दिवशीं धाकट्या मुलाच्या हातावर ओरखडा उठतो, आणि त्याच संध्याकाळीं घरधनी तें पिलूं दूर शेताच्या बांधावर सोडून येतो. पिलाचा अपराध म्हणावा तर कांहींच नसतो. जें केल्यावांचून त्यास गत्यंतर नाहीं तेंच त्यानें केलेलें असतें. मात्र चावण्याजोगी योग्य वस्तु कोणी त्याच्या तोंडीं दिलेली नसते.

प्रथम दांतांचा विचार करूं. माणसाप्रमाणें कुत्र्यासही आधीं दुधाचे दांत येतात. ते संख्येनें २८ असतात. पिलूं तीन आठवड्यांचें झालें कीं ते फुटूं लागतात आणि सुईसारखे तीक्ष्ण असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडूं लागतात, व सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत कायमचे ४२ दांत येऊन जबडा पुरा होतो. ह्या मधल्या काळांत हिरड्या दुखतात व खाजतात. आपल्या तान्ह्या मुलास दांत येतांना आपण त्याच्या हातीं चावावयास कांहीं तरी देतों. तोच न्याय येथें लावावयाचा आहे.

दुसरें कारण वंशपरंपरेचें. कुत्रा हा लांडग्याच्या कुळांतला. शिकार धरणें, तिला ओढणें, मांस फाडून घेणें हीं कामें त्याच्या पूर्वजांनीं दांतांनीं केलीं. आपणांस हात आहेत, कुत्र्यास नाहींत. तोंड हाच त्याचा हात होय. साक्रीच्या बाजूस मेंढरें घेऊन फिरणारी ठेलारी मंडळी रात्रीं कळपाच्या राखणीसाठीं कुत्रे बाळगतात. अशा तळावर दोन पिलें घोंगडीच्या एकाच तुकड्याचीं दोन टोकें धरून गुरगुरत ओढाताण करतांना पाहावींत. त्यांचें तें भांडण नसून खेळ असतो, आणि शाळाही असते. किती जोरानें धरावें, केव्हां सोडावें, हें तीं परस्परांपासून शिकतात. एकटेंच घरीं आणलेलें पिलूं ह्या शाळेस मुकतें. तेव्हां ती शाळा आपण चालविली पाहिजे.

येथें एक शंका नेहमीं घेतली जाते. रस्सीखेच खेळविल्यानें कुत्रा मारका होतो, आणि खेळांत त्यास जिंकूं दिलें तर तो धन्यास जुमानीत नाहीं, असा समज पूर्वीं परदेशांतही प्रचलित होता. इंग्लंडांतील साउथॅम्प्टन विद्यापीठांतील निकोला रूनी व जॉन ब्रॅडशॉ ह्या संशोधकांनीं तो कसोटीस लावून पाहिला, व २००२ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांनीं गोल्डन रिट्रीव्हर जातीचे १४ कुत्रे घेऊन त्यांस कांहीं वेळां जिंकूं दिलें व कांहीं वेळां हरविलें. जिंकल्यामुळें कुत्रा शिरजोर झाला, असें आढळलें नाहीं. उलट खेळानंतर कुत्रे माणसाकडे अधिक लक्ष देऊं लागले. म्हणजे दोष खेळाचा नव्हे. नियमावांचून खेळण्याचा आहे. ते नियम पुढें सांगेन. आधीं खेळणें तयार करूं.

दोर वळण्याची विद्या आपल्या शेतकऱ्यास नवी नाहीं. श्रावण अमावास्येस पोळा येतो, तेव्हां बैलांसाठीं नवी वेसण, नवी म्होरकी, कासरा आणि रंगीत गोंडे लागतात. अंबाडीच्या वाखाचे दोर वळणारीं माणसें खेड्यांतून अजून भेटतात. परंतु बैलाचा दोर कुत्र्याच्या तोंडीं देऊं नये. सुतळी, काथ्या, नायलॉनची दोरी, पतंगाचा मांजा, जरीची फीत, फाटक्या लुगड्याच्या चिंध्या, ह्यांपैकीं कोणतीही वस्तु ह्या कामीं वापरूं नये. ह्याचें कारण नीट समजून घेतलें पाहिजे, कारण सगळ्या प्रकरणांतील खरा धोका येथेंच आहे.

कुत्र्यानें दोरींतला एखादा लांब धागा गिळला आणि त्याचें एक टोक जिभेच्या मुळाशीं किंवा जठराच्या तोंडाशीं अडकलें, तर दुसरें टोक आंतड्यांत पुढें पुढें जात राहतें. आंतडें त्या धाग्यास पुढें ढकलूं पाहतें. धागा तर हलत नाहीं. मग धागा पुढें जाण्याऐवजीं आंतडेंच त्याच्यावर गोळा होतें. पायजम्याची नाडी ओढली म्हणजे नेफ्यास जशा चुण्या पडतात, तशाच चुण्या आंतड्यास पडतात. त्या चुण्यांच्या आंतल्या बाजूनें ताणलेला धागा करवतीसारखा घासतो, आणि आंतडें कापलें जाऊन जनावर दगावतें. अशा वेळीं वारंवार ओकारी होते, अन्न सुटतें, पोटास हात लावूं देत नाहीं. कधीं धाग्याचें टोक तोंडांत किंवा गुदद्वाराशीं दिसतें. तें ओढून काढण्याचा मोह आवरावा. ओढल्यानें आंत इजा होते. तडक पशुवैद्याकडे जावें. पुष्कळदां शस्त्रक्रियेवांचून उपाय नसतो.

आतां मागावरच्या कापडाचे धागे कां सुटतात, तें पाहूं. मागावर ताणा आणि बाणा असे उभे-आडवे धागे एकमेकांवरून घातलेले असतात. ते एकमेकांत गुंतलेले नसतात. त्यामुळें असें कापड फाडलें कीं कडेचे धागे एकेक करून मोकळे होतात. लुगडें, धोतर, पलंगपोस हीं सर्व ह्या जातीचीं. खानदेश हा कापसाचा मुलूख. घरोघरीं अशा कापडाचे ढीग असतात. त्यांची गोधडी शिवावी, पोतेरें करावें. कुत्र्याचें खेळणें मात्र करूं नये.

ह्याच्या उलट पायमोजा, बनियन किंवा टी-शर्ट ह्यांचें कापड असतें. तें एका धाग्याचे फांसे दुसऱ्या फांशांत अडकवून विणलेलें असतें. कात्रीनें कापल्यावर त्याची कड सहसा उसवत नाहीं. ती आपोआप वळून गोल होते. ह्याच जातींतलें, पण अधिक जाड व मऊ कापड म्हणजे फ्लीस. हिवाळ्यांत बाजारांत जीं हलकीं, लवदार, रंगीबेरंगी ब्लँकेटें मिळतात, त्यांपैकीं पुष्कळ ह्याच कापडाचीं असतात. फ्लीस ह्या शब्दाचा मूळ अर्थ मेंढीच्या अंगावरून कातरलेली लोकर असा आहे. परंतु ह्या कापडांत लोकरीचा एक तंतूही नसतो. तें पॉलिएस्टरच्या धाग्याचें असतें. हा धागा १९४१ सालीं विनफील्ड व डिक्सन ह्या दोघां इंग्रज रसायनज्ञांनीं शोधून काढला. आणि १९७९ सालीं अमेरिकेंतील लॉरेन्स ह्या गांवच्या मॉल्डन मिल्स नांवाच्या गिरणीनें त्यापासून हें लवदार कापड तयार केलें. विणलेल्या कापडाचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशांनीं खरवडून त्यावर लव उठवितात. ह्या लवेमुळें फांसे एकमेकांत अधिकच गुंततात, म्हणून कापलेली कड सुटत नाहीं व शिवण घालावी लागत नाहीं. शिवाय तें दांतांस मऊ लागतें, पाणी कमी शोषतें आणि धुतल्यावर लवकर वाळतें. धुळ्याची थंडी दोन-चार वर्षें सोसून विटलेलें, गोळे आलेलें असें एक ब्लँकेट घरांत असेल, तर बाजारांतून कांहींही आणावें लागणार नाहीं. तें नसेल तर जुने टी-शर्ट घ्यावेत.

साहित्य एवढेंच: कापड, धारदार कात्री, मोजपट्टी आणि खडू. कापड आधीं साबणानें धुऊन उन्हांत वाळवावें. बटणें, चेन, कंपनीचें लेबल, छापील रबरी चित्र हें सर्व कापून टाकावें. नंतर कापड उभें व आडवें असें दोन्ही अंगांनीं ताणून पाहावें. ज्या अंगानें तें कमी ताणतें, त्या अंगानें ब्लँकेटाच्या पट्ट्या कापाव्या. नाहींतर खेळणें ओढल्यावर रबरासारखें लांबतें व बारीक होतें. मध्यम आकाराच्या कुत्र्यासाठीं पट्टी १०० सेंटिमीटर लांब व ६ सेंटिमीटर रुंद असावी. पिलासाठीं ६० सेंटिमीटर लांब व ४ सेंटिमीटर रुंद पुरे. मोठ्या कुत्र्यासाठीं रुंदी ८ सेंटिमीटर व लांबी १२० सेंटिमीटर घ्यावी. विणतांना लांबी बरीच आटते; १०० सेंटिमीटर पट्टीचें खेळणें ५० ते ६० सेंटिमीटर भरतें, हें ध्यानांत ठेवावें. टी-शर्ट असेल तर बगलेखालचा नळीसारखा भाग आडवा कापावा. त्याच्या कड्या निघतात; एकेक कडी एका जागीं कापली कीं सुमारें मीटरभर लांबीची पट्टी मिळते. हें कापड पातळ असल्यामुळें एका पेडास दोन-दोन पट्ट्या घ्याव्या, आणि विणण्यापूर्वीं त्या ओढून ताण काढून टाकावा.

सर्वांत सोपा प्रकार तिपेडी वेणीचा. तो घरांतील कोणतीही मुलगी डोळे मिटून करील. तीन पट्ट्यांच्या टोकांची एक घट्ट गांठ मारावी, गांठ दाराच्या कडीस अडकवावी, आणि केंसांची वेणी घालतात तशी वेणी घालावी. मात्र केंसांच्या वेणीपेक्षां कितीतरी घट्ट. सैल वेणींत पिलाचा दांत किंवा नखी अडकते.

अधिक टिकाऊ प्रकार चौपेडी गोफाचा. शाळेंत मुलें प्लॅस्टिकच्या फितींची किल्लीची साखळी करतात, तीच ही रीत. चार पट्ट्यांची एका टोकास गांठ मारावी. शेवटीं दोन इंच कापड गोंड्यासारखें मोकळें ठेवावें. गांठ खालीं धरून वरून पाहावें, आणि चार पट्ट्या चार दिशांस पसराव्या: एक उत्तरेस, एक दक्षिणेस, एक पूर्वेस, एक पश्चिमेस. आतां उत्तरेची पट्टी दुमडून दक्षिणेकडे न्यावी व ती मध्याच्या किंचित् पश्चिमेस ठेवावी. दक्षिणेची पट्टी दुमडून उत्तरेकडे न्यावी व ती किंचित् पूर्वेस ठेवावी. अशा दोन उभ्या रेघा शेजारीं शेजारीं झाल्या. मग पूर्वेची पट्टी पश्चिमेकडे न्यावी. जातांना ती पहिल्या रेघेच्या वरून आणि दुसऱ्या रेघेच्या खालून जावी. नंतर पश्चिमेची पट्टी पूर्वेकडे न्यावी. तीही भेटणाऱ्या पहिल्या रेघेच्या वरून व दुसरीच्या खालून. चारही टोकें सारख्या जोरानें ओढावीं. मध्यें चार घरांचा बुद्धिबळाच्या पटासारखा चौकोन दिसला, तर काम बरोबर झालें असें समजावें. पट्ट्या पुन्हां चार दिशांस पसरलेल्याच असतात. हाच क्रम पुन्हां पुन्हां करीत जावें. पहिले चार-पांच थर जुळेपर्यंत हात चांचरतो. पुढें आपोआप चालतो. सात-आठ इंच पट्टी उरली कीं थांबावें, आणि चारही पट्ट्या एकत्र घेऊन शेवटची गांठ मारावी. गांठ मारतांना कापड थोडें ओलें करावें, दोन माणसांनीं दोन्ही बाजूंनीं सर्व शक्तीनें ताणावें. उरलेला गोंडा दोन इंचांवर कापावा. घुंगरू, मणी, शिट्टी असें कांहींही त्यांत ओंवूं नये.

हा गोफ तुटत कां नाहीं, हेंही मुलांस सांगावें. एका पट्टीवर ओढ पडली कीं ती शेजारच्या पट्टीस दाबते, आणि त्या घर्षणानें ओढ चौघींत वांटली जाते. कुत्रा जितका ओढील तितका गोफ घट्ट होतो.

आतां खेळाचे नियम. गोफ नेहमीं उंच जागीं ठेवावा. खेळापुरताच खालीं काढावा, आणि खेळ संपला कीं परत ठेवावा. कुत्र्याजवळ तो एकट्यानें चघळावयास टाकून देऊं नये. खेळतांना गोफ जमिनीलगत, आडवा, डावीकडे-उजवीकडे हलवावा. वर झटका देऊं नये, गोफास धरून कुत्र्यास अधांतरीं उचलूं नये. मानेच्या मणक्यांस इजा होते. ओढण्याचें काम कुत्र्याचें, धरून ठेवण्याचें आपलें. दुधाचे दांत पडत असतील तेव्हां तर फार हलक्या हातानें खेळावें. हिरडीचें थोडें रक्त कापडास लागल्यास घाबरूं नये. पण त्या दिवसापुरता खेळ थांबवावा. म्हाताऱ्या, दांत हललेल्या कुत्र्यास ह्या खेळांत ओढूं नये.

पहिल्याच दिवसापासून "सोड" हा शब्द शिकवावा. ओढतां ओढतां एकदम थांबावें, गोफ आपल्या मांडीशीं निश्चल धरावा, आणि "सोड" म्हणून भाकरीचा लहानसा तुकडा त्याच्या नाकाशीं न्यावा. त्यानें तोंड उघडतांच तुकडा द्यावा, शाबासकी द्यावी आणि लगेच खेळ पुन्हां सुरू करावा. सोडल्यानें खेळ संपत नाहीं, उलट पुन्हां मिळतो, हें त्यास उमजलें कीं पुढें भाकरीची गरज लागत नाहीं. हाच शब्द पुढें मुलाची चप्पल सोडविण्यास किंवा रस्त्यावर उचललेलें हाड टाकविण्यास उपयोगीं पडतो. दुसरा नियम असा कीं, दांत हातास लागला कीं खेळ बंद. मारूं नये, ओरडूं नये. गोफ उचलून अर्धा मिनिट पाठ फिरवून उभें राहावें. ह्यापेक्षां मोठी शिक्षा पिलास नाहीं.

खेळांतली गुरगुर आणि रागाची गुरगुर ह्यांतला भेद ओळखतां आला पाहिजे. खेळांत अंग सैल असतें, पार्श्वभाग वर व पुढचे पाय जमिनीस टेकलेले असतात, मधून मधून तो गोफ आपणहून आपल्या हातीं आणून देतो. रागांत अंग ताठ होतें, नजर रोखली जाते, ओठ मागें जातो. असें दिसल्यास थांबावें. जो कुत्रा आपल्या ताटलीजवळ कोणास येऊं देत नाहीं, त्याच्याशीं मुलांनीं हा खेळ खेळूं नये. लहान मुलांनीं तर मोठें माणूस जवळ असल्यावांचून गोफास हात लावूं नये, आणि गल्लींतल्या अनोळखी कुत्र्याशीं असा खेळ कोणीच खेळूं नये.

आपल्याकडील उन्हाळ्याचाही विचार हवा. मे महिन्यांत जळगांवास पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कुत्र्यास आपल्यासारखा सर्वांगास घाम येत नाहीं. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. तोंडांत गोफ धरून ठेवल्यास धापही नीट टाकतां येत नाहीं. म्हणून उन्हाळ्यांत सूर्योदयापूर्वीं किंवा दिवेलागणीनंतर, पांच मिनिटांपेक्षां अधिक नाहीं, आणि शेजारीं पाण्याचें भांडें ठेवून खेळावें.

गोफ आठवड्यांतून एकदां धुऊन कडक उन्हांत वाळवावा. दर वेळीं बोटांनीं चांचपून पाहावें. एखादी पट्टी कुरतडली गेली, तुकडे लोंबूं लागले किंवा गांठ सैल झाली, तर तो गोफ टाकून द्यावा. जुन्या कापडाचा मोह येथें धरूं नये.

शेवटीं दांत आणि हात ह्यांचा संबंध आला, म्हणून रेबीज ह्या भयंकर रोगाविषयीं बोलणें माझें कर्तव्य आहे. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेंतून हा रोग माणसास होतो, आणि लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी बहुधा वांचत नाहीं. परंतु वेळेवर लस टोंचल्यास हा रोग टळतो. १८८५ च्या जुलै महिन्यांत पाश्चर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें जोसेफ माइस्टर ह्या ९ वर्षांच्या मुलास ही लस प्रथम दिली आणि तो मुलगा वांचला. आज ही लस सरकारी रुग्णालयांत मिळते, आणि ती दंडांत देतात. पोटांतील चौदा सुयांची भीति आतां उरलेली नाहीं. पिलूं घरीं आणल्यावर तें आधीं पशुवैद्यास दाखवावें, तीन महिन्यांचें होतांच त्यास रेबीजची लस द्यावी, व पुढें पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें ती पुन्हां देत जावी. खेळतां खेळतां का होईना, दांत लागून कातडी खरचटली, तर ती जागा वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. हळद, तिखट, चुना असें कांहीं जखमेवर भरूं नये, व मुलानें रागावण्याच्या भीतीनें जखम लपविली नाहीं ना, हेंही पाहावें.

एक लहानसें गणित सांगून भाषण पुरें करतों. १५० सेंटिमीटर रुंद व २१० सेंटिमीटर लांब अशा एका जुन्या ब्लँकेटांतून १०० सेंटिमीटर लांब व ६ सेंटिमीटर रुंद अशा ५० पट्ट्या निघतात. चार पट्ट्यांचा एक, ह्या हिशोबानें १२ गोफ होतात व दोन पट्ट्या उरतात. एका घरास बारा गोफ लागत नाहींत. तेव्हां ते आळींत वांटावेत. सुटीच्या दिवशीं चार मुलें जमवून हें काम त्यांच्याकडून करवून घ्यावें. श्रीदत्ताच्या तसबिरींत पायांशीं चार कुत्रे असतात, आणि धर्मराजानें कुत्र्यास सोडून स्वर्गांत पाऊल टाकण्याचें नाकारलें, ही कथा आपण मुलांस सांगतोंच. त्या कथेबरोबर हा गोफही त्यांच्या हातीं दिला, तर ज्या वयांत पिलें घराबाहेर टाकलीं जातात तें वय निभावून जाईल, आणि तें पिलूं पुढें दहा-बारा वर्षें त्या घराच्या ओट्यावर राखणीस बसेल.